विडीला पीएफ, आशाला मानधन : कुंभारीतल्या एका घराचा हिशेब

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायकांचे पीएफचे अर्ज भरून देणारे बरेच जण आहेत, त्यातला मी एक. बाई ५८ वर्षांची झाली की पेन्शनचा अर्ज येतो. मग आधारवरची जन्मतारीख कारखान्याच्या नोंदीशी जुळत नाही, माहेरचं नाव आणि सासरचं नाव यांचा घोळ निघतो, आणि महिनोन्‌महिने कागद फिरत राहतो. या कामातून कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतलं एक घर ओळखीचं झालं. २०२५च्या दिवाळीनंतर त्या घरापुढे एक प्रश्न आला: सुनेनं आशा स्वयंसेविकेचं काम सोडून गारमेंटमध्ये शिवणकामाला जावं का? घरच्यांना विचारून, नावं न घेता, ते प्रकरण इथे मांडतो आहे.

घरात सासू ६२ वर्षांची, दोन मुलगे, दोन सुना आणि शाळेत जाणारी तीन नातवंडं. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. थोरली सून माहेरची मराठीभाषक, पण सासूला ती अत्तम्माच म्हणते. थोरला मुलगा टॉवेलच्या यंत्रमागावर असतो. त्याच्या कामावर कधी सूत नाही, कधी वीज नाही, कधी मालाला उठाव नाही. म्हणजे घराची भिस्त नेहमीच बायकांच्या कमाईवर राहिलेली आहे. सोलापुरात गिरण्या बंद पडल्यावर अशी हजारो घरं विडीवर तगली, आणि ही वसाहतही विडीवरच उभी राहिली. माकपचे नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार बायकांनी १०,००० घरांची मागणी लावून धरली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पुढे त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचं रे नगर आलं. त्यातली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान मोदी यांच्या हस्ते दिली गेली.

अत्तम्मानं परकरात असल्यापासून विड्या वळल्या. सकाळी कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा आणायचा, पानं भिजवायची, पत्र्याच्या मापावर कातरीनं कापायची, मांडीवर सूप घेऊन बसायचं. दिवसाला हजार विड्या, पंचवीस-पंचवीसचे कट्टे. दुसऱ्या दिवशी माल द्यायला गेलं की तपासणारा माणूस कट्टे चाळून खराब विड्या बाजूला काढणार, आणि त्यांचे पैसे नाहीत. पानं कमी भरली किंवा फाटकी निघाली तर पदरचे पैसे घालून बाजारातून आणायची. एवढं करून आजही हजार विड्यांमागे दोनशे रुपयांच्या आगेमागेच हातात पडतात. तंबाखूची धूळ छातीत गेली ती वेगळीच. अत्तम्मा जिना चढताना थांबते.

तिला आज पेन्शन मिळते महिन्याला १,००० रुपये, कर्मचारी पेन्शन योजनेत सप्टेंबर २०१४ पासून ठरलेली किमान रक्कम. फार नाही, औषधातच जाते. पण पीएफमधून एका मुलीचं लग्न झालं, घराचा हप्ता भरला गेला आणि थोरल्याच्या शिक्षणाला विडी कामगारांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती मिळाली. ती कारखान्यात बसत नव्हती, हजेरी लागत नव्हती. तरी कायद्यानं ती कामगार होती.

थोरली सून ३५ वर्षांची, दहावी पास. दहा वर्षं होऊन गेली तिला आशा म्हणून. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, त्या हिशेबानं तिच्याकडे वसाहतीतल्या काही गल्ल्या आहेत. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा हे काम मानसेवी ठरवलं होतं. बाई आपला मूळ पोटाचा धंदा सांभाळून दिवसाचे दोन-तीन तास देईल, पगार नसेल, केलेल्या कामाप्रमाणे मोबदला मिळेल, अशी कल्पना होती.

प्रत्यक्षातला तिचा एक दिवस मी विचारून लिहून घेतला. सकाळी आठला एका बाळंतिणीच्या घरी सातव्या दिवसाची भेट. बाळाला झोळीच्या काट्यावर तोललं, ताप पाहिला, छाती उघडी करून मिनिटभर श्वास मोजले. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका, लगेच दवाखाना. आईला दूध येतंय का, टाके कसे आहेत, घरातलं कुणी बाळाला मध चाटवत नाही ना, हे सगळं बोलता बोलता काढून घ्यायचं. तिथून दोन गल्ल्या पलीकडे टीबीचा पेशंट. गोळ्या घेतल्या का ते रिकाम्या पाकिटावरून पाहिलं. मग लसीकरणाची यादी, कारण दुसऱ्या दिवशी सत्र होतं आणि तीन आया गावाला गेलेल्या, त्यांना फोन. दुपारी आरोग्य केंद्रात रजिस्टरं. संध्याकाळी मोबाइलवर माहिती भरणं आणि आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंचे व्हॉट्सअॅपवरचे प्रश्न. रात्री साडेअकराला एका गरोदर बाईच्या नवऱ्याचा फोन, पाणी गेलंय. रुग्णवाहिका बोलावून ती सिव्हिलला सोबत गेली आणि पहाटे परतली. असे दिवस रोज नसतात, पण महिन्यात अनेकदा असतात. करोनाच्या काळात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ती याच गल्ल्यांत दारोदार तापमान आणि ऑक्सिजन मोजत होती. तेव्हा अत्तम्मा तिला दाराबाहेरच अंघोळीचं पाणी काढून ठेवायची.

आता मोल पाहू. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. सहांचे मिळून २५० रुपये. म्हणजे एका भेटीचे ४२ रुपयेही नाहीत. बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण करून घेतलं की १०० रुपये. टीबीच्या साध्या पेशंटचा सहा महिन्यांचा उपचार पुरा करून घेतला की १,००० रुपये, दिवसाला साडेपाच रुपयांच्या आसपास. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या ग्रामीण बाईचं बाळंतपण दवाखान्यात झालं तर गरोदरपणातल्या पाठपुराव्याचे ३०० आणि बाळंतपणाचे ३००.

बाळाच्या त्या भेटींचं समाजाला काय मिळतं हे आपल्या महाराष्ट्रातच मोजलं गेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. २०११ मध्ये हीच पद्धत देशभरातल्या आशांवर सोपवण्यात आली. ज्या कामाचा इतका पक्का पुरावा हाताशी आहे, त्याच्या एका फेरीला ४२ रुपये. ही तफावत मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी हिशेब पुन्हा करून पाहिला होता.

आणि विडीचं काय? एका अभ्यासानुसार २०१७ मध्ये विडीमुळे होणाऱ्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा देशावर पडलेला भार ८०,५५० कोटी रुपये होता. सुनेच्या टीबीच्या पेशंटांतले काही पुरुष वर्षानुवर्षं विडी ओढणारे आहेत, आणि धूम्रपानानं टीबीचा धोका वाढतो, बरं होणं लांबतं. म्हणजे एकाच घरात सासूनं ज्या वस्तूवर जन्म काढला, तिचं नुकसान सून गोळ्या मोजत भरून काढते आहे. यात अत्तम्माला दोष देणाऱ्याशी मी वाद घालेन. तिला पर्याय नव्हता, आणि विडी वळून तिनं माणसं वाढवली. विडीचा नफा तिच्या सुपात कधीच पडला नाही.

लंडनच्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशननं २००९ साली काही कामांचा असाच हिशेब मांडला होता. दवाखान्यातला सफाई कामगार एका पौंडाच्या पगारामागे दहा पौंडांहून जास्त सामाजिक मोल निर्माण करतो, तर मोठा गुंतवणूक बँकर स्वतः निर्माण केलेल्या एका पौंडाच्या मोलामागे समाजाचं सात पौंडांचं नुकसान करतो, असा त्याचा निष्कर्ष. असे आकडे डोळे उघडतात हे खरं. पण पगार असा का ठरतो, याचं उत्तर त्यांत नाही. मोल आणि मोबदला वेगळे असतात एवढंच कळतं, आणि कुंभारीत ते आधीच सगळ्यांना माहीत आहे.

त्या उत्तराकडे मी पीएफच्या कागदांतून गेलो. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा झाला. त्यात घरी बसून विड्या वळणारी बाईही कामगार धरली. कारखानदार कोर्टात गेले, १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा कायम ठेवला. आता हा कायदा नव्या श्रमसंहितांमध्ये सामावला गेला आहे, ते सोडा. पीएफच्या वेळी पुन्हा तोच वाद झाला. घरी वळणाऱ्या बायका आमच्या नाहीत, त्या कधी वळतात, कोण मदत करतं, आमचं काही नियंत्रण नाही, असं मालकांचं म्हणणं. १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात न्यायालयानं ते फेटाळलं. विडी तपासून खराब माल नाकारण्याचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजे नियंत्रण आहे, म्हणजे ती त्याची कामगार आहे. ज्या तपासणीत अत्तम्माच्या विड्या जायच्या आणि ती डोळे पुसत घरी यायची, त्याच तपासणीनं तिचा पीएफ शाबूत ठेवला.

हा नियम आशाला लावून पाहा. तिच्या भेटींची तारीख ठरलेली, नमुना ठरलेला. रजिस्टर तपासलं जातं, भेट अपुरी निघाली तर पैसे कापले जातात. बैठकीला यावंच लागतं, मोबाइलवर माहिती आजच्या आज भरावी लागते. विडीच्या कारखान्यानं अत्तम्मावर कधी एवढी देखरेख ठेवली नव्हती. तरी आशा स्वयंसेविकाच. २०१३ मध्ये ४५व्या भारतीय श्रम परिषदेनं योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार मानावं, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू होते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये दिला. आशांना मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार मिळाला. पीएफ मिळाला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: काम समाजाला किती उपयोगी, यावरून त्याचा पगार आणि हक्क ठरत नाहीत. ते ठरतात बाईला कामगार म्हणून कागदावर कुणी आणलं यावरून, आणि तिथे आणायला तिच्यासारख्या किती जणी रस्त्यावर उतरल्या यावरून. विडीच्या बाबतीत ते घडलं. आशांच्या बाबतीत अर्धं घडलं. आशाच्या कामाला गिऱ्हाईक एकच आहे, सरकार. इथला दर परवडत नाही म्हणून श्वास मोजायला ती दुसऱ्या मालकाकडे जाऊ शकत नाही. आणि जे बाळ वाचलं त्याच्या घरून बिल वसूल होत नाही. असा बाजार असला की मागणीनं भाव चढत नाही, संपानं चढतो.

चढलाही. आशाच्या महिन्याच्या मोबदल्यातला राज्याचा वाटा २०२३च्या अर्थसंकल्पात ३,५०० वरून ५,००० झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यभर संप झाला, आश्वासन मिळालं, आदेश निघेना म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप. मार्चमध्ये मंत्रिमंडळानं ५,००० ची वाढ मंजूर केली, नोव्हेंबर २०२३ पासून लागू. म्हणजे राज्याचे १०,०००. केंद्राचा नियमित कामांचा मोबदला २,००० होता, २०२५ मध्ये ३,५०० करण्याचा निर्णय झाला. वर कामांप्रमाणे येईल ते. सुनेच्या खात्यात या रकमा वेगवेगळ्या तारखांना, कधी दोन-तीन महिन्यांच्या एकत्र येतात, पण सरासरी १५,००० च्या पुढे जाते. संपाच्या दिवसांत ती मुंबईला आझाद मैदानावर गेली होती. अत्तम्मानं तिची शिदोरी बांधून दिली होती. विडीच्या मोर्च्यांत आयुष्य गेलेली बाई, ती कशाला अडवेल!

आता तो प्रस्ताव. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतला एक गणवेश शिवणारा कारखाना, ११,००० रुपये पगार, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगार विमा, रविवारची सुट्टी. सोलापूरचे गणवेश आता लांब लांब जातात, त्यामुळे अशा जागा निघतात. सून शिवणकाम शिकलेली होती.

बैठक घरातच झाली, जमिनीवर, माझ्यासमोर वही. अत्तम्मानं पहिलंच वाक्य टाकलं, “कमी पैसे असू दे की, पण पीएफचं कार्ड कर. म्हातारपणी पोरं बघतील असं धरू नको.” हाती येणारे पैसे पाहिले तर आशाचं काम सरस. ईएसआयमध्ये घरच्यांचंही दवाखान्याचं संरक्षण येतं, ते मोठं. आशालाही २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पापासून आयुष्मान योजनेत घेतलं आहे, म्हणून तो फरक काहीसा मिटतो.

खरा फरक म्हातारपणाचा. गारमेंटमध्ये ११,००० वर १२ टक्के म्हणजे १,३२० तिचे आणि तितकेच मालकाचे. पेन्शनचं सूत्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगार आहे तिथेच राहिला असं धरलं तरी ५८ पर्यंतच्या २३ वर्षांचे निदान ३,६१४ रुपये महिना, शिवाय पीएफची गठ्ठ्यानं रक्कम. आशाला १० वर्षांच्या कामानंतर निवृत्त होताना मिळणारी रक्कम २०,००० वरून ५०,००० केली आहे. एकदाच.

मग मी पंतप्रधान श्रमयोगी मानधन योजना काढली. ३५व्या वर्षी महिना १५० भरले तर सरकार तेवढेच घालतं, ६० नंतर ३,००० पेन्शन. पण अट अशी की मासिक उत्पन्न १५,००० च्या आत हवं. केंद्राची वाढ मिळाली आणि सून त्या रेषेच्या पलीकडे गेली. राहिली अटल पेन्शन योजना. ३५व्या वर्षी ५,००० च्या पेन्शनसाठी महिना ९०२ रुपये, सगळे तिच्याच खिशातून. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर २५ वर्षांनंतरचे ते ५,००० आजच्या जेमतेम १,५०० इतके. अत्तम्मा हे ऐकून म्हणाली, “म्हणजे माझ्याएवढंच की.”

मग मी वहीच्या शेवटच्या पानावर आणखी एक गणित केलं, या घरापुरतं नाही. राज्यात सुमारे ७०,००० आशा आहेत. प्रत्येकीच्या नावे १५,००० वर १२ टक्के पीएफ सरकारनं भरायचा ठरवला तर महिन्याला १२ कोटी ६० लाख, वर्षाला दीडशे कोटींच्या थोडं वर. राज्याचा २०२५-२६चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. शंभर रुपयांतले दोन पैसे. पैसा नाही म्हणून हे अडलेलं नाही, हे मी कुणासमोरही सांगायला तयार आहे.

सुनेनं चार दिवस घेतले. तिचा विचार तिनं मला असा सांगितला: गारमेंटमध्ये आठ-नऊ तास बांधून, संध्याकाळी घर. इथे वेळ तुटक मिळतो, त्यात पोरांची शाळा बसते. शिवाय तिच्या गल्ल्यांत तिला आशाताई म्हणून दार उघडतं. नवीन बाईला ते दार उघडायला दोन वर्षं लागतील, आणि त्या दोन वर्षांत किती बाळं येतील. हे ती भावनेच्या भरात बोलली नाही, यादी पाहून बोलली. पुढच्या तीन महिन्यांत तिच्याकडे सात बाळंतपणं होती, त्यांतल्या दोघी अशक्त, रक्त कमी. मी तिला सांगितलं की तुझ्या या जबाबदारीच्या भावनेवरच हा सगळा स्वस्त कारभार चालला आहे. ती म्हणाली, “माहीत आहे दादा. म्हणून तर संपाला जातो आम्ही.”

ती राहिली. अटल पेन्शनचे ९०२ रुपये डिसेंबरपासून तिच्या खात्यातून कापले जातात; त्यासाठी तिनं भिशी बंद केली. शिवणकामाची जागा वाया गेली नाही, धाकट्या जावेनं घेतली. तिचा पीएफ खात्याचा यूएएन नंबर मीच चालू करून दिला. पहिल्या महिन्याचे तिचे १,३२० आणि मालकाचा वाटा पासबुकात आला तेव्हा अत्तम्मानं तो मोबाइलवर दोनदा बघितला, आणि थोरलीला विचारलं, तुमच्या संघटनेच्या मागण्यांत पीएफ कितव्या नंबरला आहे? सून म्हणाली, तिसऱ्या. “पहिल्या नंबरला घाला,” अत्तम्मा म्हणाली. सुनेनं ते पुढच्या बैठकीत मांडलं आहे.